व्यासपीठ आणि कसोटी

शास्त्रज्ञाने छद्मविज्ञानाच्या पुरस्कर्त्यांशी जाहीर सभेत वाद घालावा काय? माझ्या मते सहसा घालू नये. सभेत वक्तृत्वाला टाळ्या मिळतात. साहित्याच्या अध्यापकाला तिची मोहिनी पुरती ठाऊक असते. परंतु मौनही परवडत नाही, कारण कुंडली पाहून मुलीचे भवितव्य ठरविणारी घरे आपल्या आदिलाबादेतही आहेत.

डॉ. जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये पुण्यात, डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींच्या साहाय्याने, तिसरा मार्ग चोखाळला. 100 हुशार आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या जमवून प्रत्येक ज्योतिषाकडे 40 पाठविल्या. कोणती कोणत्या गटातली, एवढेच ओळखायचे होते. 27 जणांनी उत्तरे दिली. सरासरी 46 टक्के बरोबर आली; नाणेफेकीतही निम्मी येतात! एका संस्थेने सर्व 200 कुंडल्या तपासल्या, त्यांतील 102 उत्तरे बरोबर ठरली.