सरमिसळ कलावंतांची

मोठ्या निर्मितीसंस्थेचा किंवा वितरकाचा आगाऊ पैसा पाठीशी नसताना, दिग्दर्शक आणि त्याचे मोजके सोबती यांच्या बळावर उभ्या राहणाऱ्या चित्रपटाला स्वतंत्र चित्रपट म्हटले जाते. अशा चित्रपटाच्या नटसंचात नाट्यशाळेत शिकलेली अभिनेत्री, हौशी रंगभूमीवर वावरलेला नट, चळवळीतील कार्यकर्ता आणि कॅमेऱ्यापुढे पूर्वी कधीच उभी न राहिलेली व्यक्ती असे सगळे शेजारीशेजारी आढळतात. नामवंत नटांचे मानधन परवडत नाही, हे या सरमिसळीचे उघड कारण आहे. मात्र केवळ पैशाच्या अडचणीने जमलेला असा संच पडद्यावर विस्कळीतच दिसला असता. तो एकजीव होतो, तेव्हा त्यामागे दिग्दर्शकाने मानधनात वाचवलेल्या पैशाच्या बदल्यात ओतलेला वेळ आणि कष्ट असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत रुजलेल्या नववास्तववादी चित्रपटांमुळे, म्हणजे स्टुडिओबाहेर पडून सामान्य माणसांचे जगणे प्रत्यक्ष रस्त्यांवर टिपणाऱ्या चित्रपटांमुळे, या पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले. ‘बायसिकल थीव्ज’ (1948) या चित्रपटासाठी एक अमेरिकी निर्माता भांडवल पुरवण्यास तयार होता, पण नायकाच्या भूमिकेत त्याला हॉलिवूडचा नामवंत नट कॅरी ग्रँट हवा होता. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांनी ते नाकारले आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातील कामगाराला निवडले. या प्रवाहाचे वेगळेपण नट नसलेल्यांना घेण्यापेक्षा त्यांची आणि मुरलेल्या नटांची सांगड घालण्यात आहे, असे प्रतिपादन फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी केले. अशा सांगडीत नवख्याचा खरेपणा कसलेल्या नटाला लागतो आणि कसलेल्या नटाचे भान नवख्याला सावरते.

भारतात या सांगडीचे सर्वांत बोलके उदाहरण ‘पथेर पांचाली’ (1955) हेच म्हणावे लागेल. त्याचे दिग्दर्शक सत्यजित राय तेव्हा कोलकात्यातील एका जाहिरातसंस्थेत नोकरी करत होते. विमा पॉलिसीवर कर्ज काढून आणि पत्नीचे दागिने गहाण ठेवून त्यांनी काम रेटले. पैसे संपले की चित्रीकरण थांबे, आणि अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या अर्थसाहाय्यामुळे ते पूर्ण झाले. कुटुंबप्रमुख हरिहरची भूमिका करणारे कानू बॅनर्जी चित्रपटांत स्थिरावलेले नट होते, तर त्याची पत्नी सर्वजयाच्या भूमिकेतील करुणा बॅनर्जी यांचा अनुभव ‘इप्टा’ या पुरोगामी नाट्यचळवळीतला होता. त्यांची मुलगी दुर्गा झालेली उमा दासगुप्ता शाळकरी मुलगी होती आणि मुलगा अपू झालेला सुबीर बॅनर्जी हा शेजारचा मुलगा राय यांच्या पत्नी विजया यांच्या नजरेस पडला होता. घरातील वृद्धा इंदिर ठाकरुणच्या भूमिकेतील चुनीबाला देवी मात्र जुन्या रंगभूमीवर आणि मूकपटांत काम करून कधीच निवृत्त झाल्या होत्या, आणि वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांना पुन्हा कॅमेऱ्यापुढे आणण्यात आले.

एवढ्या भिन्न माणसांना एकच सूचना देऊन भागणारे नव्हते. चुनीबाला देवींना संवाद चोख पाठ राहत आणि एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना जपायचे बारीकसारीक तपशीलही त्यांच्या ध्यानात असत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत दिग्दर्शकाला फक्त त्यांच्या वयाची चिंता होती. सुबीरच्या बाबतीत नेमके उलट घडले. काशफुलांच्या रानात बहिणीला शोधत अपू चालतो, त्या दृश्यात तो नुसता चालला, तर शोधणे काही दिसेना. तेव्हा राय यांनी त्याच्या वाटेत ठिकठिकाणी काटक्या टाकून ठेवल्या आणि युनिटमधील माणसांना वेगवेगळ्या बाजूंना उभे करून आळीपाळीने त्याला हाक मारायला सांगितले. हाक आली की मुलगा थबके, त्या दिशेला मान वळवी, मग काटकी ओलांडून पुढे जाई. प्रेक्षकाला पडद्यावर दिसणारी ती हुरहूर अशा रीतीने बाहेरून रचलेली आहे. ‘नैसर्गिक अभिनय’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातला किती वाटा दिग्दर्शकाच्या बुद्धीचा असतो, याची कल्पना या एका दृश्यावरून यावी.

भिन्न अनुभवाच्या माणसांकडून एकजीव काम कसे करून घ्यायचे, या प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या मराठी चित्रपटात सापडते. गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराला आपल्या गाण्यातून आत्महत्येची चिथावणी दिल्याचा आरोप असलेला वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे हे त्याचे केंद्र आहे. ही भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी केली. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, तर बचावाचा वकील झालेले विवेक गोम्बर रंगभूमीवरचे नट आणि याच चित्रपटाचे निर्मातेही. मृत कामगाराच्या पत्नीची भूमिका करणारी स्त्री प्रत्यक्षातही अशाच कामगाराची विधवा होती.

साक्षीच्या पिंजऱ्यात ती जे सांगते, ते ऐकताना अभिनयाचे सगळे नेहमीचे निकष अपुरे पडतात. गटारात उतरण्याआधी नवरा आत खडा टाकून झुरळ बाहेर येते का ते पाहायचा, म्हणजे आत हवा आहे की विषारी वायू, हे त्याला कळायचे. आणि दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो दारू प्यायचा. हे सारे ती आवाज न चढवता, प्रश्न येईल तेवढेच उत्तर देत सांगते. तिच्यासमोर प्रशिक्षित अभिनेत्रीने जराही ‘अभिनय’ दाखवला असता, तरी दृश्य दुभंगले असते. कुलकर्णी यांनी हे अचूक ओळखलेले दिसते. कायद्याची कलमे त्या एकसुरी वाचून दाखवतात, उद्याची सुनावणी उरकायची आहे अशा सुरात बोलतात, आणि लोकलमधून घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. शिकलेले कौशल्य लपवणे हेच येथे सर्वांत अवघड कौशल्य ठरले आहे. ताम्हाणे यांनी कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर ठेवला, दृश्ये न तोडता दीर्घ चालू दिली आणि एकेका दृश्याचे असंख्य टेक घेतले. दूरच्या, न हलणाऱ्या चौकटीत कोणाचाच चेहरा जवळून पारखला जात नाही, म्हणून नवखा बुजत नाही आणि कसलेल्याला मिरवता येत नाही. मुबलक टेकची ही चैन हातात वेळ राखून ठेवला तरच परवडते. संभाजी भगत यांच्या संगीताने नटलेल्या या चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात ‘ओरिझोंती’ विभागाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्रीकरण संपल्यावर या माणसांचे काय होते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. साथीदार यांच्याकडे चित्रपटाआधीही स्वतःचे कार्यक्षेत्र होते आणि 13 एप्रिल 2021 रोजी करोनाने निधन होईपर्यंत त्यांची ओळख प्रामुख्याने कार्यकर्ता हीच राहिली. ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’ या चित्रपटात गुरूची भूमिका केलेले अरुण द्रविड हेही मुळात गायक होते. करुणा बॅनर्जी या राय यांच्या पुढच्या चित्रपटांत दिसत राहिल्या, पण सुबीर अभिनयाकडे वळला नाही. माज्जोरानीच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. चित्रपट जगभर गाजला, तो स्वतः कारखान्यात परतला आणि पुढे कामगारकपातीत त्याची नोकरी गेली. त्यानंतर त्याला चित्रपटांत किरकोळ भूमिका मिळाल्या, त्यावर घर चालण्यासारखे नव्हते. स्वतःच्या आयुष्याचा ऐवज घेऊन जी माणसे अशा चित्रपटात येतात, त्यांच्या रोजगाराचा आणि पुढच्या दिवसांचा विचार पात्रनिवडीच्या वेळीच, करारात लिहून व्हायला हवा. अल्प खर्च ही सबब येथे पुरेशी ठरत नाही, कारण त्या खर्चात जी बचत झालेली असते, तिचा मोठा भाग याच माणसांनी सोसलेला असतो.