आगाऊ ठिणगी

मराठीत ‘आगाऊ’ हा शब्द मोठा मजेदार आहे. वेळेआधी दिलेली रक्कम आगाऊ, आणि थोरांच्या बोलण्यात नाक खुपसणारे पोरही आगाऊच. पहिल्यात दूरदृष्टी, दुसऱ्यात उद्धटपणा. या दोन अर्थांमधले अंतर अंशांत मोजता येते, हे मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजात समजले.

माझा एक जुना विद्यार्थी तिथे मारुती ८०० चे मोडीतले इंजिन घेऊन शर्यतीची मोटार जुळवीत होता. हसू नका! कोइमतूरच्या करिवर्धन यांनी याच इंजिनावर स्वस्त एकासनी शर्यती गाडी उभी केली होती. त्या ‘फॉर्म्युला मारुती’तून सुरुवात करणारा नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळच्या शर्यतमार्गाला आज त्यांचे नाव आहे.

अशा गरिबाच्या गाडीत बिनपैशाने ताकद वाढविण्याचा एक उपाय असतो : ठिणगीची वेळ नीट लावणे.

सिलिंडरात पेट्रोल-हवेचा स्फोट होतो असे आपण म्हणतो. वास्तविक ते जळणे आहे. ज्योत पसरायला सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. पिस्टन टॉपला जाऊन पंधराएक अंश खाली उतरला, की तेव्हा दाब सर्वांत जास्त हवा. म्हणून ठिणगी पिस्टन वर चढत असतानाच, आगाऊ द्यावी लागते. मिनिटाला १००० फेरे असताना सेकंदाच्या सहस्रांशात क्रँक ६ अंश फिरतो. ६००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात ३६ अंश! म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी अलीकडे आणण्यासाठी डिस्ट्रिब्युटरात वजने आणि स्प्रिंगा असतात.

मात्र ठिणगी फार आगाऊ झाली, तर पिस्टन वर येतानाच दाब आणि उष्णता बेसुमार वाढतात. कडेचे न जळलेले मिश्रण आपोआप एकदम पेटते. हाच तो इंजिनाचा ‘नॉक’. तिथले वयस्क मिस्त्री म्हणाले, “सर, टायमिंग मागं राहिलं तर शर्यत जाते. लई पुढं गेलं तर इंजिन जातं.”

त्यांची रीत पाहण्यासारखी होती. पुलीवरच्या जुन्या खुणेवर विश्वास नाही. प्लगच्या भोकात बोथट टोकाचा बोल्ट बसवला, इंजिन हाताने हळूच फिरवले. पिस्टन टेकला तिथे एक खूण, उलट फिरवून टेकला तिथे दुसरी. दोहोंचा मध्य तो खरा टॉप. मग बोल्ट काढून पुलीवर अंशांची कागदी पट्टी चिकटवली. १२० मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर! व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद केले, कारण शर्यतीत ॲक्सिलरेटर बहुधा पुरता दाबलेला असतो आणि तिचा उपयोग उरत नाही. मग इंजिन वाढवीत नेऊन, आगाऊपणा वाढायचा थांबला तिथला एकूण आकडा टायमिंग लाईटने वाचला.

सुरुवात २६ अंशांवर. बंद मैदानात, एकाच गिअरात, ३००० पासून ५५०० फेऱ्यांपर्यंत पोचायला लागणारा वेळ घड्याळाने मोजायचा. मग दोन अंश वाढवायचे. २८ ला वेळ घटली, ३० ला आणखी घटली, ३२ ला मात्र ३० इतकीच राहिली. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर ३० वर परत आणला.

तरुण रक्ताला हे कसे पटावे? सरावाच्या दिवशी पोराने गुपचूप ३४ केले. उघड्या सायलेन्सरच्या गर्जनेत, हेल्मेटच्या आत, नॉक ऐकू येणार कसा? चौथ्या फेरीत पांढरा धूर निघाला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी ठिपके होते. ते पिस्टनचेच ॲल्युमिनियम! पिस्टनला करंगळी जाईल एवढे भोक पडले होते आणि पोराच्या वर्षभराच्या शिकवण्यांची कमाई त्यातून गेली होती. मिस्त्री रागावले नाहीत. प्लग त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “वाच.”

नव्या मोटारींना ही विद्या नको. इंजिनाला बसवलेला नॉक सेन्सर ठोका टिपतो आणि संगणक क्षणात ठिणगी मागे घेतो. जुन्या इंजिनाला असा कान नाही. तिथे शेवटचे दोन अंश माणसालाच राखून ठेवावे लागतात. उन्हाळ्याची दुपार, हलके पेट्रोल, लांबलेली चढण यांचे देणे त्या दोन अंशांतून भागते. त्या पोराने पुढच्या हंगामात ३० अंशांवर शर्यत पुरी केली. नंबर आला नाही. इंजिन मात्र स्वतःच्या पायांनी घरी आले.