ग्रामसभा गेली, तेव्हा काय गेले?

स्थानिक कारभार, कायदा आणि टिकाऊ विकास या विषयावर बोलावे, असे या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस सुचविले, तेव्हा प्रथम आम्ही कचरलो. आम्ही वकील नव्हे, प्राध्यापकही नव्हे. आमची शाळा सातवीतच सुटली. कायदा म्हणून जे काही आम्हांस समजते, ते जिनातील कामगार, बाजारातील हमाल आणि शेतमजूर यांचे अर्ज लिहिता लिहिता शिकलेले आहे. परंतु विचार करता असे वाटले की, कायदा ज्याच्या अंगावर येतो आणि ज्याच्या हातून निसटतो, त्या माणसाच्या बाजूने तो कसा दिसतो हे सांगणाराही कोणी असावा. म्हणून हे धाडस.

आमचे बाभुळगाव यवतमाळहून धामणगावच्या वाटेवर आहे. तालुक्याचे ठिकाण, कापसाचा मुलूख. पूर्वी येथे ग्रामपंचायत होती. पुढे तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करावयाचे धोरण महाराष्ट्र शासनाने घेतले आणि त्यात आमचे गावही शहर झाले. त्या दिवशी आम्हीही आनंदाने पेढा खाल्ला. गाव मोठे होणार, निधी येणार, रस्ते होणार, एवढेच आमच्या मनात होते. पुढे काही दिवसांनी निंदणाला जाणारी एक बाई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, आता काम मांगाले कोठी जाव?" तिच्याजवळ रोजगार हमीचे जॉबकार्ड होते. आम्ही कायद्याचे पुस्तक काढून पाहिले आणि आमचा चेहरा उतरला. तीस वर्षे मजुरांत काम करणाऱ्या आम्हांस जो प्रश्न पेढा खाण्यापूर्वी सुचावयास हवा होता, तो त्या बाईने नंतर विचारला. ही चूक आमची होती, दुसऱ्या कोणाची नव्हे. आणि तिच्यातूनच आजचे हे विवेचन निघाले आहे.

प्रथम ग्रामसभा म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांस ग्रामपंचायत आणि ग्रामसभा ही एकच वस्तू वाटते. तसे नाही. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले पंच. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत ते सर्व स्त्री-पुरुष. आमच्या संघटनेच्या भाषेत सांगावयाचे तर पंचायत ही कार्यकारिणी आणि ग्रामसभा ही सर्वसाधारण सभा होय. कार्यकारिणी बदलते, सर्वसाधारण सभा कधी विसर्जित होत नाही.

ही व्यवस्था एका दिवसात झालेली नाही. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या स्तुतीवर कडक टीका केली होती. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे ठाणे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तरीही त्याच महिन्यात राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात असे कलम मसुद्यात घालण्यात आले. तेच आजचे चाळिसावे कलम. पुढे १९५७ साली बलवंतराय मेहता समितीचा अहवाल आला. विदर्भ त्या वेळी नुकताच मुंबई राज्यात आलेला होता. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. तोच आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने चालतो. महाराष्ट्र झाल्यावर आमच्याच जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक यांच्या समितीने जिल्हा परिषदांची योजना आखली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. शेवटी त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामसभेचे नाव प्रत्यक्ष घटनेत आले.

आता या सभेजवळ अधिकार तरी काय आहेत? वर्षातून निदान चार वेळा ती भरली पाहिजे. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या शेकडा पंधरा, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे आली की गणपूर्ती होते. सरपंचाने सबळ कारणावाचून सभा बोलावली नाही तर त्याचे पद जाऊ शकते. मागच्या वर्षीचा जमाखर्च आणि पुढच्या वर्षीची कामे सभेपुढे ठेवावी लागतात. सरकारी योजनेचा लाभ कोणास द्यावा, ती यादीही येथेच वाचली जाते. सभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असाही नियम आहे. थोडक्यात, 'माझे नाव यादीत का नाही?' असा प्रश्न ज्याला उभे राहून विचारता येतो, आणि ज्याचे उत्तर चारचौघांत द्यावे लागते, अशी ही जागा आहे.

कोणी म्हणेल, की हे सारे कागदावर. खरे आहे. सभा कशा भरतात ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याच्या शेतात उद्या कापूस वेचावयास जायचे तोच मालक समोर खुर्चीवर बसलेला असता मजूर हात वर कसा करणार? बाबासाहेबांची टीका येथे आठवते. परंतु या दुखण्यावर सभा बंद करणे हे औषध नव्हे. दुबळ्याला आधार देणारी पद्धत सभेत आणणे हे औषध आहे. दारूबंदीचेच उदाहरण घ्या. गावातील दारूचे दुकान बंद करावयाचे तर महाराष्ट्रात मतदान गुप्त होते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्यांहून अधिकांनी आडव्या बाटलीस मत दिले की दुकान बंद करावे लागते. निव्वळ स्त्रियांनी मतदान करून हा निर्णय घेण्याचीही सोय आहे. जी बाई सभेत तोंड उघडत नाही तीच बाई पडद्याआड शिक्का मारते. माणूस तोच, पद्धत बदलली की त्याचे बळ बदलते. कायद्याचे खरे काम हेच होय.

आता टिकाऊ विकास. हा शब्द १९८७ सालच्या ब्रुन्टलँड अहवालापासून जगभर झाला आणि २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्याची सतरा उद्दिष्टे ठरविली. शब्द मोठा असला तरी अर्थ आपल्या ओळखीचा आहे. बियाण्याचे धान्य पोटासाठी दळू नये, एवढेच त्याचे सार. आज भूक भागवा, पण उद्याची पेरणी बुडवू नका. महाराष्ट्राने हे फार पूर्वी एका योजनेत करून दाखविले. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात रिकामे झाले. त्यापूर्वीच वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि त्या कामातून बांध, पाझर तलाव, रस्ते. एका दगडात पोटही आणि पाणीही! शिवाय या योजनेसाठी शहरातील नोकरदारांकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेण्यात आला. शहरातल्या कामगाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम, असे नाते कायद्याने जोडले. आम्हां संघटनेच्या माणसांना ह्या गोष्टीचा अभिमान वाटतो.

२००५ साली केंद्राने देशासाठी तसाच कायदा केला आणि ग्रामीण कुटुंबास वर्षात शंभर दिवसांच्या कामाचा हक्क दिला. कोणती कामे घ्यावयाची याची शिफारस ग्रामसभेने करावयाची, आणि झालेल्या कामांची तपासणीही ग्रामसभेनेच करावयाची, अशी त्यात तरतूद होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवस आहेत, पण तोही ग्रामीण कुटुंबांसाठीच. येथे आमच्या त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. ज्या भूभागावर नगरपालिका किंवा नगरपंचायत आहे तो २००५ च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ग्रामीण भाग नव्हता. बाईचे घर हलले नाही, तिचे निंदण बदलले नाही, तिची मजुरी वाढली नाही. फक्त गावाच्या पाटीवरचा शब्द बदलला आणि केंद्राच्या कायद्यातील तिचा हक्क सरला.

दुसरी गोष्ट ग्रामसभेची. नगरपंचायत १९६५ च्या नगरपरिषदांच्या कायद्याखाली चालते. सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडले जातात. आमच्या येथे मागची निवडणूक डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशी दोन टप्प्यांत झाली. पण ग्रामसभा या व्यवस्थेत नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सांगितल्या, त्या तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी. म्हणजे खेड्यास ग्रामसभा आहे, मोठ्या शहरास प्रभाग समिती आहे, आणि मधल्या लहानशा गावास दोन्ही नाहीत. पाच वर्षांतून एकदा मत द्यावयाचे आणि मग घरी बसावयाचे.

नगरपंचायतीने काही दिलेच नाही असे आम्ही म्हणत नाही. पूर्ण वेळेचा मुख्याधिकारी येतो, बांधकामास अभियंता मिळतो, नगरविकासाच्या योजनांचा पैसा येतो. वाढत्या वस्तीला नाली, पाणी आणि आराखडा लागतोच. आमचे म्हणणे इतकेच, की दर्जा वाढविताना हक्क कमी होता कामा नये. कारखान्यात बढती देऊन पगार कापला तर त्यास बढती कोण म्हणेल?

आणि हा प्रश्न नुसता मजुरीचा नाही. आमच्या तालुक्यात खडकसावंगा येथे बेंबळा नदीवर धरण झाले. धरणासाठी ज्यांची गावे उठली त्यांना नव्या गावठाणात पाणी, रस्ते, शाळा इत्यादी नागरी सोयी देण्याचे बंधन पुनर्वसनाच्या कायद्याने शासनावर आहे. पण नळाला पाणी येते की नाही, कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचते की नाही, हे मुंबईस बसून दिसत नाही. ते ज्याच्या दारात दिसते त्याला बोलावयास जागा पाहिजे, आणि त्याचे बोलणे वहीत लिहिले गेले पाहिजे. जेथे ही जागा नाही तेथे धरण टिकेल, विकास टिकणार नाही.

मग करावे काय? उपदेश करून थांबणे आम्हांस आवडत नाही. म्हणून चार कामे सांगतो.

पहिले काम खेड्यातल्या बांधवांचे. तुमच्याजवळ ग्रामसभा आहे, ती वापरा. सभेची सूचना लेखी मागा. ठराव वहीत लिहून झाल्यावर वाचून दाखवावयास सांगा, आणि मगच उठा. अर्ज द्याल त्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सांगितलेली गोष्ट.

दुसरे काम आमच्यासारख्या लहान शहरांचे. प्रत्येक प्रभागात वर्षातून चार सभा भरवावयास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे या शहराने १९८९ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात भाग दिला. आपल्या पुण्याच्या महानगरपालिकेनेही २००६ साली नागरिकांकडून कामे मागवावयास आरंभ केला. सतरा प्रभागांच्या गावाला हे अवघड नाही. अशा सभेच्या ठरावास कायद्याचे बळ नसेल, परंतु दोनशे सह्यांचा कागद कोणत्याही नगरसेवकास सहजासहजी दूर सारता येत नाही.

तिसरे काम माहितीचे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यातील चौथ्या कलमाप्रमाणे अंदाजपत्रक, खर्च आणि लाभार्थ्यांची माहिती कार्यालयाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते. ती फलकावर लागली आहे का, हे प्रत्येकाने एकदा जाऊन पाहावे.

चौथे काम मागणीचे, आणि ते सर्वांत मोठे. लहान शहरांतील मजुरांसाठी रोजगाराची हमी आणि प्रभागसभेला कायद्याचा आधार, या दोन गोष्टी राज्याकडे मागितल्या पाहिजेत. हे अशक्य नाही. केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली शहरी रोजगार हमीची योजना सुरू केली. ज्या महाराष्ट्राने देशाला रोजगार हमी शिकविली त्याने या बाबतीत मागे राहावे हे शोभत नाही.

ती बाई आजही आमच्या गल्लीतून पहाटे निंदणाला जाते. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून देऊ शकलो नाही. परंतु तिच्या प्रभागात आम्ही पहिली सभा घेतली तेव्हा ती पुढे येऊन बसली, आणि वहीत पहिला ठराव तिच्याच तोंडचा लिहिला गेला: गावात काम पाहिजे. ती वही आम्ही जपून ठेवली आहे. पुढचे ठराव लिहावयास त्या वहीत पुष्कळ पाने शिल्लक आहेत.