वजनगटात लढणाऱ्या मार्शल आर्ट खेळाडूंचा आहार

ज्यूडो, कुस्ती, बॉक्सिंग, तायक्वांदो, वुशू, कराटे या खेळांत खेळाडू आपापल्या वजनगटात लढतात. सरावासाठी भरपूर ऊर्जा लागते आणि त्याच वेळी वजन ठरलेल्या मर्यादेत ठेवावे लागते. हा मेळ बसला नाही की काही खेळाडू स्पर्धेच्या आधी दोन-तीन दिवस जेवण आणि पाणी तोडतात. असे करणे धोक्याचे आहे आणि ते टाळता येते. वजनगट वेळेवर ठरवावा आणि रोजच्या जेवणाची आखणी करावी. खेळाडू, पालक व प्रशिक्षक यांच्यासाठी याविषयीची माहिती येथे दिली आहे.

वजन झटपट का उतरवू नये?

दोन-तीन दिवसांत उतरलेले वजन चरबीचे नसते. ते मुख्यतः शरीरातील पाणी आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन असते. लढतीत लागणारी ताकद याच साठ्यातून मिळते. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी कमी झाले, म्हणजे ५० किलोच्या खेळाडूचे १ किलो पाणी गेले, तरी दमश्वास आणि एकाग्रता कमी होऊ लागते.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन खेळाडूंचा असे वजन उतरवताना मृत्यू झाला. पाणी कमी पिऊन, घाम न जिरणारे कपडे घालून आणि उष्ण जागेत व्यायाम करून ते वजन कमी करत होते. त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीआधी अपात्र ठरल्या. दुसऱ्या दिवशीच्या वजनात त्या १०० ग्रॅम जास्त भरल्या. आंतरराष्ट्रीय कुस्तीत स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतले जाते. पहिल्या दिवशी लढतींसाठी खाणे-पिणे आवश्यकच असते आणि त्याने वजन वाढते. म्हणून शेवटच्या क्षणी काठावर उतरवलेले वजन टिकवणे अनुभवी खेळाडूलाही कठीण जाते.

वजनगट कसा ठरवावा?

• स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधी, सकाळी शौचानंतर व उपाशीपोटी, सलग आठवडाभर वजन घेऊन सरासरी काढावी.
• प्रौढ खेळाडूने वजन कमी करायचे असल्यास आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, हळूहळू कमी करावे. त्याने गट गाठता येत नसेल तर वरच्या गटात खेळावे.
• १८ वर्षांखालील मुलामुलींनी गटासाठी वजन उतरवू नये. हे वाढीचे वय आहे. उंची वाढली की वजन वाढणारच; अशा वेळी गट बदलावा, जेवण कमी करू नये.
• जुलाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेऊ नयेत. लघवी वाढवणारी औषधे उत्तेजकविरोधी नियमांनुसार प्रतिबंधित आहेत.

ताटात काय असावे?

कर्बोदके : भात, पोळी, भाकरी, पोहे, इडली, रताळे, केळी. ज्या दिवशी सराव जास्त, त्या दिवशी यांचे प्रमाण जास्त ठेवावे. वजन कमी करण्यासाठी भात-पोळी पूर्ण बंद करणे ही नेहमी होणारी चूक आहे. त्याने सरावाचा दर्जा घसरतो.

प्रथिने : सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूला १.२ ते २ ग्रॅम लागतात. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीतून ६ ते ७ ग्रॅम आणि ५० ग्रॅम कोरड्या सोया वडीतून सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात.

लोह : मासिक पाळी येणाऱ्या मुलींना लोहाची गरज जास्त असते. पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी, मासे, मांस यांसोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा. जेवणासोबत चहा टाळावा. पाळी लांबत किंवा बंद होत असेल तर खाणे कमी पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे.

पाणी : सरावाआधी व नंतर वजन करावे. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे पुढील काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, ताक किंवा लिंबू-मीठ-साखर सरबत थोडे थोडे प्यावे.

दिवसभराचा नमुना आहार (वजन ५० किलो)

• सकाळी सरावापूर्वी : एक केळे, दोन खजूर
• नाश्ता : शेंगदाणे घातलेले पोहे, दोन उकडलेली अंडी, एक कप दूध
• दुपारी : दोन भाकरी, वाटीभर उसळ, भाजी, थोडा भात, वाटीभर दही
• संध्याकाळी सरावापूर्वी : मूठभर फुटाणे व गूळ
• रात्री : तीन पोळ्या, वाटीभर डाळ, भाजी, ५० ग्रॅम पनीर किंवा मासे, झोपताना एक कप दूध

यातून साधारण ७५ ते ८० ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी न खाणाऱ्यांनी सोया वडी घ्यावी. भूक आणि सरावानुसार पोळी-भात वाढवावा. आपल्या भागातील अन्नातूनही हेच साधते : केरळमध्ये पुट्टू व कडला करी, मणिपूरमध्ये भात-मासे, बिहारमध्ये सत्तू, पंजाबमध्ये राजमा-पोळी.

वजन दिल्यानंतर

आंतरराष्ट्रीय ज्यूडोत वजन आदल्या संध्याकाळी घेतले जाते, कुस्तीत त्याच सकाळी. आपल्या स्पर्धेची वेळ आयोजकांकडून आधीच विचारून घ्यावी. वजन दिल्यावर प्रथम पाणी व सरबत, मग मऊ भात, दही, केळे, इडली असे हलके पदार्थ घ्यावेत. तळलेले, मसालेदार आणि पूर्वी कधी न खाल्लेले पदार्थ त्या दिवशी टाळावेत.

प्रथिन पावडर घ्यावी का?

बहुतेक खेळाडूंची गरज जेवणातून भागते. पूरक पदार्थात प्रतिबंधित द्रव्य मिसळलेले असू शकते. नमुन्यात ते आढळल्यास, माहीत नव्हते असे सांगून खेळाडूची जबाबदारी टळत नाही. डब्यावर अन्नसुरक्षा परवाना क्रमांक असला तरी तो उत्तेजकमुक्त असल्याची हमी नसते. म्हणून डॉक्टर किंवा क्रीडा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय काहीही घेऊ नये.

शासकीय योजनांचा आधार

• खेलो इंडिया : निवड झालेल्या खेळाडूस वर्षाला ६.२८ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. यातील १.२० लाख रुपये, म्हणजे दरमहा १०,००० रुपये, किरकोळ खर्चासाठी असतात. घरी असतानाच्या आहाराचा खर्च त्यातून करता येतो. ही रक्कम महागड्या डब्यांऐवजी दूध, अंडी, डाळी व फळांवर खर्च करावी. कलरीपयट्टू, गतका आणि थांग-ता या देशी युद्धकलांचाही खेलो इंडिया युवा स्पर्धांत समावेश झाला आहे.
• ॲनिमियामुक्त भारत : १० ते १९ वयोगटासाठी आठवड्याला एक लोह व फॉलिक ॲसिडची गोळी शासकीय व अनुदानित शाळांत, तसेच शाळाबाह्य मुलींना अंगणवाडीत मोफत दिली जाते. खेळाडू मुलींनी ती चुकवू नये.

चक्कर येणे, लघवी गडद होणे, छातीत धडधडणे किंवा गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसल्यास सराव त्वरित थांबवावा, खेळाडूला सावलीत न्यावे आणि जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. एखादी स्पर्धा हुकली तर पुढच्या वेळी खेळता येते. हा निर्णय घेताना प्रशिक्षक व पालकांनी खेळाडूच्या पाठीशी उभे राहावे.