उताराची मोजणी: ए-फ्रेम, समतल चर आणि श्रमदान

आळंदीहून पुण्याकडे येणारा रस्ता दिघीच्या परिसरातील उंचवटा ओलांडून कळस आणि विश्रांतवाडीकडे उतरतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दरवर्षी याच रस्त्याने शहरात येते आणि त्या वाटचालीत वारकरी इंद्रायणीचे खोरे मागे टाकून मुळेच्या खोऱ्यात प्रवेश करतात. दोन खोऱ्यांना वेगळे करणाऱ्या अशा उंचवट्याला जलविभाजक म्हणतात, आणि ज्या जमिनीवरचे पाणी उताराने वाहत एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते ती सारी जमीन त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र ठरते. दिघीच्या पलीकडचा पाऊस इंद्रायणीतून तुळापूरला भीमेत जातो. विश्रांतवाडीच्या बाजूचा पाऊस मुळेत उतरतो, संगमानंतर मुळा-मुठेच्या नावाने पूर्वेकडे वाहतो आणि रांजणगाव सांडसजवळ त्याच भीमेला मिळतो. पाणलोटाचे काम म्हणजे या प्रवासाचा वेग कमी करून पाणी वाटेतच जमिनीत मुरवणे. आणि त्यासाठी लोकांच्या हातात जे साधन प्रथम दिले जाते ते कुदळ-फावडे नसून ‘ए-फ्रेम’ नावाची लाकडी चौकट असते.

दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधून त्यांचे पाय सुमारे २ मीटर फाकवायचे, मध्ये एक आडवी काठी ठोकायची आणि वरच्या सांध्यातून दोरीला दगड बांधून सोडायचा, एवढीच तिची रचना. गवंड्याच्या ओळंब्याचे तत्त्व यात आहे, आणि प्राचीन इजिप्तमधील कारागीरही याच घडणीचे साधन वापरत. चौकट ओबडधोबड असली तरी मोजणी अचूक येते, कारण वापरण्यापूर्वी ती जुळवून घेतली जाते. दोन खुंटांवर दोन पाय टेकवून दोरी आडव्या काठीला जेथे छेदते तेथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंटांवर चौकट पुन्हा उभी करायची आणि दुसरी खूण करायची; या दोन खुणांचा बरोबर मध्य ही समपातळीची खूण होय. एक पाय बोटभर आखूड असला तरी ही खूण चुकत नाही. त्यानंतर एक पाय जागेवर ठेवून दुसरा उतारावर खाली-वर सरकवायचा, दोरी मधल्या खुणेवर स्थिरावली की तेथे फक्की टाकायची आणि चौकट फिरवत पुढे जायचे. वारा असेल तर दगड जड घ्यावा लागतो आणि दोरी थांबेपर्यंत धीर धरावा लागतो. अशा रीतीने टेकडीच्या अंगावर समान उंचीची वळणदार रेषा उमटते, तिला समतल रेषा म्हणतात. आणि तिच्यावर खणलेला अखंड खड्डा म्हणजे सलग समतल चर, गावोगावच्या बोलण्यात ‘सीसीटी’.

मोजणीला इतके महत्त्व का, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चर प्रत्येक मीटर लांबीत १८० लिटर पाणी धरतो. एका हेक्टरवर २५ मिमी पाऊस पडला तर ते अडीच लाख लिटर पाणी झाले. त्यातले निम्मे वाहून जाते असे धरल्यास ते अडवायला सुमारे ७०० मीटर चर लागतो, म्हणजे दोन रांगांत साधारण १४ मीटरचे अंतर येते. आता हाच चर आखताना दर २ मीटरला केवळ ३ सेंमीची चूक एकाच दिशेने होत गेली, तर २० मीटरच्या अंती ती ३० सेंमी होते. चराचे खालचे टोक काठोकाठ भरते तेव्हा वरचे कोरडे असते आणि त्याची क्षमता निम्म्यावर येते. त्यापुढचे पाणी खालच्या टोकाशी बांध फोडून ओघळ पाडते. नुसत्या डोळ्यांनी न दिसणारी ही चूक शेकडो माणसांच्या कष्टांचे रूपांतर धूप वाढवणाऱ्या नाल्यात करू शकते.

महाराष्ट्रात हे तंत्र लोकांच्या हाती गेले त्यामागे १९७२ चा दुष्काळ आहे. पुण्यातील उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे माळरानावर प्रयोग करून पाणी पंचायतीचा विचार मांडला; त्यात पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरत असे, भूमिहीनांनाही तो मिळे आणि उसाला मनाई होती. पुढे राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार यांची उदाहरणे सर्वपरिचित झाली, १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली, आणि २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेने श्रमदानाला गावागावांतील चुरशीचे रूप दिले. पहिल्या वर्षी तीन तालुके होते, २०१८ मध्ये ते ७५ झाले. कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि वर्धा जिल्ह्यातील काकडदरा ही पहिल्या दोन वर्षांची विजेती गावे. या स्पर्धेत शहरवासीयांनाही ‘जलमित्र’ म्हणून महाराष्ट्र दिनी टिकाव-घमेली घेऊन उतरता आले. एका दिवसाच्या अशा कष्टाने किती पाणी अडते हा प्रश्न रास्त आहे. परंतु पाणी नळातून येते एवढेच ठाऊक असणाऱ्याला उतार दिसू लागतो, हा लाभ लिटरमध्ये मोजता येत नाही.

मात्र ए-फ्रेम उंची सांगते, जमिनीवर काय जगते ते सांगत नाही. आणि या चळवळीतील खरी उणीव येथेच आहे. बेसाल्ट खडकावरील पातळ मुरमाड मातीची माळराने महसुली भाषेत पडीक ठरली, तरी पवना आणि मारवेल यांसारखी गवते आणि विरळ खैर, हिवर, पळस ही तेथील पूर्ण वाढलेली परिसंस्था आहे. तिला ओसाड समजून पुण्याच्या टेकड्यांवर मूळच्या मध्य अमेरिकेतील गिरिपुष्पाची मोठी लागवड झाली. चरांच्या बांधावरही देशी गवतांऐवजी ‘स्टायलो’ हे परदेशी चारापीक पेरण्याचा प्रघात पडला. त्याहून कमी बोलली जाणारी अडचण काळाची आहे. वॉटर कपचे काम एप्रिल-मेमध्ये चाले, कारण शेते तेव्हा मोकळी असतात आणि पावसापूर्वी चर तयार हवे असतात. पण उघड्या मुरमावर अंडी घालणाऱ्या माळटिटवीचा विणीचा हंगामही हाच असतो. तिची ठिपकेदार अंडी खड्यांत मिसळून जातात आणि फक्की टाकणाऱ्याच्या पायाखाली सहज येतात. आखणी हिवाळ्यात उरकून, घरटी असलेला पट्टा त्या वर्षापुरता सोडून देणे यात तांत्रिक अडचण काहीच नाही.

जमिनीवर काय जगते ते आधी पाहण्याच्या दृष्टीचा पुण्यातील पाया प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ‘इकॉलॉजिकल सोसायटी’ने घातला, प्रदूषित मुळा-मुठेवरील पक्ष्यांचा अभ्यास त्यांनी त्याच दशकात प्रसिद्ध केला होता. अलीकडे ‘जीवितनदी’ या संस्थेने नदीकिनारा दत्तक घेण्याच्या उपक्रमातून विठ्ठलवाडी आणि औंध येथे स्वयंसेवकांना एकाच जागेशी नियमितपणे बांधून ठेवले आहे. एकदाच खोदून निघून जाण्यापेक्षा ही पद्धत उजवी म्हणावी लागेल.

विश्रांतवाडीसारख्या उपनगरात कामाची रीत आणखी बदलते. पाणलोटाचा नियम ‘माथा ते पायथा’ असा आहे, म्हणजे वरचा उतार आधी, ओढा नंतर. पण येथे दिघी-लोहगाव पट्ट्यातील बरीच जमीन संरक्षण खात्याच्या ताब्यात असल्याने माथ्यावर नागरिकांना मोकळा प्रवेश नाही, आणि मधला उतार इमारतींनी व रस्त्यांनी झाकलेला आहे. काँक्रीटवर ए-फ्रेमला काम नसते. तरीही तिची पहिली पायरी, म्हणजे पाण्याची वाट शोधणे, येथेही तशीच लागू पडते: ओढा कोणत्या रस्त्याखालून जातो, कोणत्या कुंपणभिंतीला अडतो आणि मुळेला नेमका कोठे मिळतो, याचा पायी फिरून केलेला नकाशा. तो भर पावसातच करावा लागतो, कारण उन्हाळ्यात शहरी नाल्यात वाहते ते प्रामुख्याने सांडपाणी असते आणि पावसाचे पाणी कोणत्या गल्लीतून त्याला येऊन मिळते ते तेव्हा ओळखता येत नाही.