नमुन्याचे चार भाग कशासाठी?

परतूरच्या बाजारातून आपण सुटे दूध, मसाल्याची पुडी, तेलाची पिशवी घरी आणतो. वास, रंग आणि चवीवरून माल पारखायची आपली सवय जुनी आहे. पण शिसे, कीटकनाशक किंवा बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. तिथे प्रयोगशाळाच लागते. मग त्या प्रयोगशाळेचाच अहवाल चुकला तर काय? कायद्याने याची सोय केली आहे. ती आपल्या घराघरांत माहीत असायला हवी.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. आपल्या राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. त्यांचा अधिकारी दुकानातून नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो आणि प्रत्येक भाग सीलबंद करतो. एक भाग सरकारी अन्न विश्लेषकाकडे जातो. त्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दोन भाग वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात. दुकानदाराने मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. दोन अहवाल जुळले नाहीत, तर राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवतात. तिचा निर्णय अंतिम असतो. १९५४ च्या जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली हे काम देशातल्या चार केंद्रीय प्रयोगशाळा करत: कोलकाता, म्हैसूर, गाझियाबाद आणि आपले पुणे.

मान्यता किती महत्त्वाची, हे २०१५ मध्ये दिसले. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत मॅगीच्या नमुन्यात शिसे दहा लाख भागांत १७.२ भाग निघाले. मर्यादा होती २.५. ५ जूनला केंद्रीय प्राधिकरणाने विक्री थांबवली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ ऑगस्टला न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला म्हणणे मांडू दिले नव्हते आणि ज्या प्रयोगशाळांचे अहवाल आधार धरले त्यांना कायद्याने लागणारी मान्यता नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. पंजाब, हैदराबाद व जयपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि शिसे मर्यादेत निघाले. तपासणी कच्ची असली की दोषी सुटू शकतो आणि निर्दोष भरडला जाऊ शकतो.

दुधाचेही असेच. सरकी पेंड किंवा मका ओलसर जागी ठेवला की बुरशी धरते. त्यातले ॲफ्लाटॉक्सिन हे विष जनावराच्या पोटातून दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये ते मर्यादेपेक्षा जास्त आढळले. या कायद्याच्या व्याख्येत पशुखाद्य 'अन्न' धरलेले नाही. म्हणून पेंडीतला दोष बहुधा दुधाच्या तपासणीतच उघडा पडतो. घरी शेळी, गाय, म्हैस असेल तर पेंड कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावी. बुरशी धरलेली पेंड घालू नये.

आता आपण काय करावे? पावती घ्या. पाकिटावरचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक जपा, पाकीट लगेच फेकू नका. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. माल सदोष निघाला तर शुल्क परत मिळते.

आपल्या बचत गटातल्या भगिनी पापड, लोणची, मसाले विकतात. त्यांचाही नमुना कधी घेतला जाईल. तेव्हा घाबरू नये. चारही भाग सीलबंद झाले का, ते समोर उभे राहून पाहावे. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी लेखी मागणी तिथेच करावी. विश्लेषकाचा अहवाल विरोधात आला, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. ही मुदत चुकवू नये.