थरथर आणि थर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी विषयाचे पूर्ण स्वातंत्र्य दिले होते. अट एकच घातली, ती म्हणजे या वेळी शस्त्रक्रियेवर लिहू नये. त्या विषयावर आधीच्या अंकांतून मी वाचकांचा पुरेसा अंत पाहिला आहे. अट मला मानवली. शस्त्रक्रिया माझ्या हातून सुटली आहे आणि त्या हातात आता रंगीत पेन्सिल आली आहे. तिच्याविषयीच चार शब्द लिहितो. मी नवशिका आहे, हे वाचकांनी शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे.

उतारवयातले माझे पहिले चित्र न्यूरॉलॉजिस्टच्या टेबलावर निघाले. २०१९ च्या पावसाळ्यात माझ्या मित्राने कोरा कागद पुढे सरकवला आणि हात टेबलाला न टेकवता आतून बाहेर उलगडत जाणारे वेटोळे काढायला सांगितले. कंपाच्या रुग्णाकडून असे वेटोळे काढून घेण्याची रीत जुनी आहे; त्याला आर्किमिडीजचे नाव आहे. कागदावर जे उमटले ते पाहून मीच म्हणालो, "चकली झकास जमली." कडेने काटे आले होते आणि चकलीला ते असावेच लागतात. मित्र हसला नाही.

निदान झाले एसेन्शियल ट्रेमर. स्वस्थ बसले की हात शांत, कामाला लावला की थरथर. या विकारात प्रोप्रॅनोलॉल देतात, हे आपण सारे जाणतो. पण मला लहानपणापासून दमा, म्हणून ते दार बंद. प्रिमिडोनने दुपारपर्यंत झापड येई. खरे सांगायचे तर निदानाच्या बऱ्याच आधी माझ्या भूलतज्ज्ञ सहकाऱ्याने ते ओळखले होते. एकदा जिन्यात थांबवून तो म्हणाला, "सर, शेवटचे टाके आता मुलांना घालू द्या ना." त्या 'ना'मधले सारे मला त्याच क्षणी समजले होते, आणि तरी पुढचे दोन महिने मी न समजल्यासारखे केले. त्या दोन महिन्यांत कोणाचे काही बिघडले नाही, हे माझे कौशल्य नव्हे. त्यानंतर मी थिएटरची पायरी चढलो नाही. घरी सौभाग्यवती चहाचा कप अर्धाच भरून देऊ लागली. त्याविषयी आम्ही दोघेही कधी बोललो नाही.

२०२१ च्या दिवाळीला पुण्याहून आलेली नात बारा पेन्सिलींची पेटी आमच्याकडे विसरून गेली. खंडेराव मार्केटमधून आणलेली भरताची वांगी टेबलावर होती. काळ्या पेन्सिलीने वांग्याची बाह्यरेषा काढली आणि आत जांभळा रंग दाबून भरला. रेषेला काटे, आत मेणचट पट्टे, आणि वांग्याऐवजी एखादा गळू पिकत आल्यासारखे दिसू लागले. तो कागद मी फाडला, पण पेटी परत पाठवली नाही.

शेजारच्या वाड्यात आमच्या सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेची एक पदवीधर मुलगी राहते. लहान मुलांच्या शिकवण्या घेते. तिच्याकडे गेलो तेव्हा, "काका, महिनाभर चित्र काढायचे नाही," असे तिने बजावले. एका ओळीत पाच चौकोन आखून दिले. एकच पेन्सिल घेऊन पहिला चौकोन जेमतेम दिसेल इतका फिकट, पाचवा गडद, मधले क्रमाने. मी पाचवा पहिल्याच झटक्यात भरला. तिने मान हलवली. पाचवाही पहिल्यासारखाच फिका भरायचा. मग त्यावर पुन्हा, आणि पुन्हा. "कागदावर पेन्सिलीचे वजन पडू द्या, हाताचे नको."

येथे माझी खरी अडचण सुरू झाली, आणि ती थरथरीची नव्हती. आम्हा शल्यविशारदांना शिकवण मिळालेली असते ती एकाच ठाम छेदाची. त्वचेवर सुरी टेकली की ती एका दमात, एका खोलीने गेली पाहिजे. चाचपडत दिलेल्या चार अर्धवट छेदांनी जखम रेंगाळते. चाळीस वर्षे मी नव्या मुलांना हेच सांगत आलो. रंगीत पेन्सिलीला याच्या नेमके उलटे हवे असते. कागद नितळ दिसला तरी त्याला दाणा असतो, सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात. हलक्या हाताने फिरवलेली पेन्सिल फक्त उंचवट्यांना रंग लावते. खळगे पुढच्या रंगासाठी रिकामे राहतात. पहिल्याच वेळी दाबले की दाणा चेपतो, मेणाने बुजतो आणि वरचा प्रत्येक रंग घसरून जातो. माझे गळू झाले ते यामुळे.

आणि थरथरीचे काय? एकटी, लांब रेघ काढायची तर ती माझी चुगली करतेच. पण येथे अशी रेघ फारशी लागतच नाही. पोटरहात टेबलावर टेकवायचा, पेन्सिल टोकापासून जरा मागे सैल धरायची आणि बोटाच्या पेराएवढ्या रेघा एकमेकींत मिसळत, किंवा लहान लहान वळसे एकमेकांवर चढवत जायचे. पहिल्या थरात एखादी रेघ भरकटते, दुसऱ्यात दुसरीकडे भरकटते. सातव्या-आठव्या थरापर्यंत त्यांतली कोणतीच वेगळी ओळखू येत नाही. पेन्सिल घट्ट आवळली की थरथर वाढते, असा माझा तरी अनुभव आहे. जो हात टाके घालण्याच्या कामाचा उरला नव्हता तो या कामाला चालत होता. त्या दिवशी मी चहा गार होईपर्यंत चौकोन भरत बसलो होतो.

साहित्याविषयी थोडक्यात. रंगीत पेन्सिलीच्या गाभ्याला आपण सवयीने शिसे म्हणतो, पण त्यात शिसेही नसते आणि ग्राफाइटही नसते. रंगद्रव्य, मेण किंवा तेल, चिकटवणारे द्रव्य आणि पांढरी माती यांचे ते मिश्रण असते. शाळेच्या पेट्यांत माती जास्त, रंगद्रव्य कमी. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनने आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची दप्तरे भरली, आणि सरावाला त्या पेन्सिली उत्तम. पुढे हात बसला की फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस घ्याव्यात. त्या तेलाच्या आहेत, १९०८ पासून बनत आहेत. पूर्ण पेटी १२० रंगांची असते. नवशिक्याला डझनभर पुरतात. कागद मात्र झेरॉक्सचा नको. तिसऱ्या थराला तो हात टेकतो. दोनशे जीएसएमच्या वरचा, किंचित दाणेदार घ्यावा. पेन्सिल खाली पडू देऊ नये. बाहेरून धड दिसते, पण आत गाभ्याचे तुकडे होतात आणि टोक काढताना एकेक गळून पडतो. माझ्या हातून आठवड्याला एक तरी पडते.

वांगे पुन्हा काढले ते तीन महिन्यांनी. त्यात काळा रंग अजिबात नव्हता. ज्या जागी खिडकीचा उजेड चमकत होता तेवढा कागद प्रथमच कोरा सोडला, कारण रंगीत पेन्सिल खोडरबराने पुरती निघत नाही. मळून मऊ केलेले रबर दाबून उचलले तर फार तर फिकी होते. मग सर्वांगावर गर्द निळा, त्यावर किरमिजी, सावलीच्या बाजूला गडद हिरवा. जांभळ्या वांग्यात हिरवा कशाला, म्हणून मी हुज्जत घातली. पण विरोधी रंगाने सावली खोल होते, तशी ती काळ्याने होत नाही; काळ्याने ती मरते. दहा-बारा थरांनंतर फिकट पेन्सिलीने जोर देऊन घोटले, तेव्हा दाणा बुजला आणि वांग्याला तुकतुकी आली. आठवड्याभरात चित्रावर पांढुरकी साय धरली. मला बुरशी वाटली. ते मेण वर येते. मऊ फडक्याने अलगद पुसले की जाते.

पुसता न येणारी खोड वेगळीच निघाली. १९७४ साली बडोदा मेडिकल कॉलेजात आम्ही हिस्टॉलॉजीच्या जर्नलमध्ये गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी चित्रे काढत असू: पेशीकेंद्रे हिमॅटॉक्सिलिनची जांभळी, बाकी सारे इओसिनचे गुलाबी. समव्यवसायी मित्रांना ते आठवत असेल. त्यांतली किती चित्रे सूक्ष्मदर्शकातून पाहून आणि किती वरच्या वर्गाच्या जर्नलमधून उतरली, हेही आठवत असेल. माझी बहुतेक दुसऱ्या वर्गातली. ज्यांच्या आकृत्यांवर वैद्यकाच्या पिढ्या शिकल्या ते हेन्री वॅन्डाइक कार्टर यांच्याशी ताडून पाहता लाज वाटते. १८५८ साली निघालेल्या ग्रेच्या शरीररचनाशास्त्राची चित्रे त्यांची. शवविच्छेदनात पाहिलेले ते लाकडी ठोकळ्यांवर उलटे रेखाटत, म्हणजे छापल्यावर सुलटे यावे. त्याच वर्षी ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते.

गेल्या वर्षी सौभाग्यवतीचा डावा हात काढायला घेतला. त्वचेसाठी प्रथम फिकट साय-रंग, मग गेरू आणि गुलाबीचे पुसट थर. शिरा दाखवायच्या तिथे त्यांच्याखाली आधीच हिरवट छटा. मी मनगटापासून पंजाच्या पाठीवर शिरांची कमान अगदी शास्त्रशुद्ध उतरवली. शिक्षिकेने चित्र पाहिले, मग हात पाहिला. "काका, ही शीर काकूंच्या हाताला आहे कुठे?" नव्हती. ती पुस्तकातली होती. आणि जे होते ते चित्रात नव्हते: अंगठ्याच्या मुळाशी बोटभर लांबीचा भाजल्याचा फिकट डाग.

"हा केव्हाचा?" मी विचारले.

"तुम्ही दवाखाना काढलात त्या वर्षीचा. कुकरचा."

"मला सांगितले नाहीस?"

"तुम्हीच तर मलम दिले होते."

डाग चकचकीत असतो, भोवतालच्या कातडीपेक्षा उजळ. तो आधीच कोरा सोडायला हवा होता; आता त्यावर सहा थर चढले होते. असा रंग टोकदार पात्याने खरवडून काढता येतो. माझ्या जुन्या पेटीत अकरा नंबरची पाती अजून होती. हॅन्डलला पाते चढवताना बोटांना काही आठवावे लागले नाही. हात टेकवला, श्वास सोडला आणि ओढले. पाते हलले, डागाची कड मधेच बाहेर सरकली. खरवडलेल्या जागी कागदाचा दाणा उरत नाही, म्हणून ती दुरुस्तही होत नाही.

परवा न्यूरॉलॉजिस्टने पुन्हा वेटोळे काढायला सांगितले. चकली होती तशीच आहे. हाताचे चित्र तिला दाखवले तेव्हा चष्मा लावून तिने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "माझा डाग इतका वाकडा नाही." पुन्हा काढायचे ठरले आहे. या खेपेस डाग आधी, शिरा नंतर. फक्त ती अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायला तयार नाही, आणि माझे थर काही अर्ध्या तासात होत नाहीत.